‘उन्हाचा वास येतोय!’ म्हणजे नेमका कसला?

हा आपल्या भागाचा लेखी अवतार. ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलताना मी जिथे अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

या वेळचा प्रश्न नागपूरहून आलाय. एकीने व्हॉइस नोट पाठवली. कॉलेजातून घरी आलं की आई दारातच म्हणते, “उन्हाचा वास येऊन राहिला तुझ्या अंगाला, आधी हातपाय धू.” तिचं म्हणणं असं, की मला तर काहीच वास येत नाही. मग उन्हाला वास असतो का? की आई उगाच बोलते?

आई उगाच बोलत नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

आता पहिला अंदाज सगळ्यांचा एकच असतो: घाम. पण घाम नसतानाही हा वास असतो. थंडीत गच्चीवर पतंग उडवून आलेल्या पोराच्या केसांना तो असतो. दोरीवरून काढलेल्या चादरीला असतो, आणि चादरीला काही घाम येत नाही. भिंतीवर ऊन खात बसलेल्या मांजराच्या पाठीत नाक खुपसा, तिथेही त्याच घराण्यातला काहीतरी उबदार वास सापडतो. मातीचा, धुराचा, पेट्रोलचा असा हा वास नसतो, त्याला आपल्याकडे वेगळं नावही नाही, म्हणून आपण ‘उन्हाचा’ म्हणून मोकळे होतो. आणि गंमत म्हणजे हे नाव बऱ्यापैकी बरोबर आहे.

चादरीपासून सुरू करू, कारण चादर साधी असते. तिला ग्रंथी नाहीत, ती डिओ मारत नाही.

कोपनहेगन विद्यापीठात सिल्व्हिया पुग्लिएसे आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक मस्त प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी आयकियाचे सुती टॉवेल घेतले आणि शुद्ध केलेल्या पाण्यात तीनदा धुतले. मग काही टॉवेल एका रिकाम्या अंधाऱ्या ऑफिसात वाळवले, काही बाल्कनीत पण प्लास्टिकच्या आडोशाखाली सावलीत, आणि काही बाल्कनीतच थेट उन्हात. वाळल्यावर प्रत्येक टॉवेल पिशवीत बंद केला आणि पिशवीतली हवा यंत्रात घालून त्यात कोणकोणते रेणू आहेत ते मोजलं. आमच्या भाषेत सांगायचं तर चांगलं डीबगिंग: बाकी सगळं तेच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची.

उन्हातल्या टॉवेलमधून असे रेणू निघाले जे बाकीच्यांतून तसे निघाले नाहीत. पेंटॅनल, हेक्झॅनल, हेप्टॅनल, ऑक्टॅनल, नोनॅनल. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, शेवटचं ‘नल’ लक्षात ठेवा. हे सगळे अल्डिहाइड नावाच्या कुटुंबातले. हेक्झॅनलला कापलेल्या गवताचा वास, ऑक्टॅनलला लिंबू-संत्र्याचा, नोनॅनल गुलाबाकडे झुकणारा. अत्तराच्या धंद्यात या कुटुंबाला फार मान आहे. १९२१ मध्ये आलेल्या शनेल नंबर फाइव्हचा तो प्रसिद्ध ‘स्वच्छ’ वास बराचसा अल्डिहाइडांवरच उभा आहे. म्हणजे आजीची दोरीवरची नऊवारी आणि पॅरिसचं अत्तर नात्यात निघाले.

यात मला सगळ्यात आवडलेला भाग असा, की हे रेणू हवेतून येऊन टॉवेलला नुसते चिकटले असते, तर सावलीतल्या टॉवेललाही चिकटायला हवे होते. हवा तर तीच होती. याचा अर्थ ते टॉवेलवर तयार झाले. ओला पृष्ठभाग, ऊन, आणि हवेतला ओझोन, एवढ्या सामानात कापडावरच्या किंवा हवेतून कापडावर बसलेल्या मोठ्या रेणूंचे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांना वास असतो, असं संशोधकांचं स्पष्टीकरण.

आता टॉवेलच्या जागी तुम्ही स्वतः उभे राहा.

ओझोन म्हटलं की आपल्याला शाळेतला तो ‘थर’ आठवतो, फार वर, अतिनील किरण अडवणारा. तोच वायू जमिनीलगतही तयार होतो. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, पेट्रोल-रंग-झाडं यांच्यापासून निघणाऱ्या वाफा, आणि कडक ऊन, हे तिघे भेटले की ओझोन बनतो. म्हणून तो साधारणपणे दुपारी चढतो आणि रात्री उतरतो. घरात तो बराच कमी असतो, कारण पडदे, भिंती, सोफा, आपण, जे समोर येईल त्याच्याशी तो भांडतो आणि संपतो. बाहेर असणं आणि घरात असणं यात हा एक मोठा फरक आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

आणि तुमच्या त्वचेवर काय आहे? तेल. कपाळावर, नाकावर, डोक्यात, पाठीवर ग्रंथी सतत तेल सोडत असतात. त्या तेलात दहा टक्क्यांच्या आसपास स्क्वालीन नावाचं एक रसायन असतं. ते आधी शार्क माशांच्या यकृताच्या तेलात सापडलं, शार्कच्या एका प्रजातीगटाचं लॅटिन नाव स्क्वालस, म्हणून हे नाव. माणसाच्या त्वचेवर ते इतकं असतं ही जरा विशेष गोष्ट आहे, बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगावर इतकं नसतं. स्क्वालीनची लांब साखळी असते आणि तिच्यात सहा ठिकाणी दुहेरी बंध असतात. ओझोनला दुहेरी बंध दिसला की तो तिथेच साखळी तोडतो. कात्री मारावी असे छोटे छोटे तुकडे पडतात. मोठा रेणू जड असतो, उडत नाही, म्हणून त्याचा वास येत नाही. तुकडे हलके, ते उडतात आणि शेजारच्याच्या नाकात जातात.

२०१० मध्ये आर्मिन विस्थालर आणि चार्ल्स वेश्लर यांनी हे मोजून दाखवलं. ऑफिससारखी मांडलेली खोली, त्यात माणसं बसवली, हवेत ओझोन सोडला आणि हवेत काय काय वाढतं ते पाहत राहिले. अॅसिटोन वाढला, डेकॅनल वाढला, जेरानिल अॅसिटोन वाढला आणि ६-एमएचओ नावाचा एक रेणू वाढला. डेकॅनल म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा, थोडा मेणचट वास. ६-एमएचओ तर गवती चहाच्या तेलातही थोडा सापडतो. हे सगळं माणसांच्या कातडीवरच्या तेलातून, केसांतून, आणि अंगातल्या कपड्यांना लागलेल्या तेलातून. घातलेला, न धुतलेला शर्ट या बाबतीत कातडीसारखाच वागतो.

याच्या पुढची पायरी २०२२ ची. जर्मनीतल्या माइन्झच्या माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या गटाने डेन्मार्कमध्ये एका स्टीलच्या बंद खोलीत चार-चार माणसं बसवून दाखवलं, की ओझोन आणि कातडीचं तेल यांच्या झटापटीतून निघालेले रेणू पुढे पुन्हा ओझोनशी भिडतात आणि हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय चपळ कण तयार होतात. म्हणजे प्रत्येक माणसाभोवती रसायनांचं एक चालतंफिरतं वलय असतं. हे वाचून मी दोन मिनिटं शांत बसले होते. आपण हवेत फिरत नाही, हवा शिजवत फिरतो!

तर नागपूरच्या मैत्रिणी, तुझ्या आईला येतो तो वास बाहेरून तू उचलून आणलेला नाही, निदान सगळा तरी नाही. त्याचा कच्चा माल तुझाच आहे. बाहेरच्या हवेनं आणि उन्हानं तो तुझ्यावर शिजवला.

(इथे एक डासांची बातमी सांगायलाच हवी. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, हा माणूस आणि इतर प्राणी यांच्यात फरक कसा करतो, याचा शोध प्रिन्स्टनच्या गटाने घेतला, तोही २०२२ मध्येच. उत्तरात हेच लांब साखळीचे अल्डिहाइड निघाले, डेकॅनल आणि अनडेकॅनल. माणसाच्या वासात त्यांचं प्रमाण जास्त, म्हणून डासाच्या मेंदूत ‘हा माणूस’ अशी खूण पटते. आईचं नाक आणि डासाचं नाक एकाच कुटुंबातल्या रेणूंवर काम करतात. आईंनी रागावू नये.)

हाच प्रकार लोखंडाच्या बाबतीत बघा. मैदानावरच्या सिंगल बारला लटकलात, जुन्या एसटीच्या खिडकीचे गज धरून प्रवास केलात, जिममध्ये डंबेल उचलले, की हाताला एक तो ‘लोखंडी’ वास येतो. लोखंड साध्या तापमानाला उडत नाही, त्यामुळे त्याचा वास येणं शक्यच नाही. २००६ मध्ये डिटमार ग्लिंडेमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की घामट हात लोखंडाला लागला की लोखंडाचे आयन कातडीवरच्या तेलाचे अर्धवट सडलेले रेणू फोडतात, आणि त्यातून १-ऑक्टेन-३-ओन हा अळंबीसारखा, धातूसारखा वाटणारा रेणू निघतो. म्हणजे तुम्ही लोखंडाचा म्हणून जो वास ओळखता तो तुमचाच. मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी आधी हात हुंगला, मग विश्वास ठेवला.

घामाबद्दल थोडक्यात, कारण त्याची बदनामी जरुरीपेक्षा जास्त झाली आहे. अंगभर येणारा पाण्यासारखा घाम ताजा असताना जवळपास बिनवासाचा असतो. काखेतला घाम वेगळ्या ग्रंथींचा असतो, आणि त्यालाही वास येतो तो तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात म्हणून. इथे कपड्याचा हात मोठा आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या ख्रिस कॅलवार्ट यांच्या गटाने २०१४ मध्ये २६ जणांना जोरात सायकलिंग करायला लावलं आणि त्यांचे टी-शर्ट बंद ठेवून नंतर तपासले. पॉलिस्टरच्या शर्टांचा वास सुतीपेक्षा वाईट निघाला आणि पॉलिस्टरवर मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू जास्त फोफावले. सुती कापड घाम आणि वास आत शोषून धरतं, पॉलिस्टर तेल धरून ठेवतं आणि वास सोडत राहतं. ‘ड्राय फिट’ म्हणून घेतलेल्या जर्सीला धुतल्यावरही वास का येतो, याचं उत्तर यात आहे.

बाहेरून खरोखर उचलून आणलेले वासही असतातच. वडापावच्या गाडीशेजारी दहा मिनिटं उभं राहा, केस सांगतील. तापलेल्या तेलातून निघणारा २,४-डेकाडायनल हा तळणीचा वास देणारा रेणू, तोही अल्डिहाइडच. तेल कढईत तुटलं काय आणि कपाळावर तुटलं काय, घराणं एकच. केस आणि लोकरीचे-सुती कपडे असे रेणू धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. मातीत खेळून आलेल्या मुलांच्या अंगाला येतो तो जिओस्मिनचा वास, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तो बनवतात. आपलं नाक जिओस्मिनच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे, एक लाख कोटी भागांत काही मोजके भाग असले तरी कळतो. पहिल्या पावसाच्या वासातही तो असतो. त्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ मध्ये दिलं, आणि कनौजचे अत्तरवाले त्याच्या कितीतरी आधीपासून मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवत होते. पावसावर वेगळा भाग करायचा आहे, इथे थांबते.

आता पाळीव मंडळी. पावसात भिजलेल्या कुत्र्याचा वास सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या केसांत जिवाणू आणि यीस्ट राहतात, त्यांनी बनवलेले वासाचे रेणू कोरड्या केसांना चिकटून असतात. पाणी आलं की ते सुटतात आणि वाफेबरोबर हवेत येतात. कुत्रा पावसात जास्त घाण होतो असं नाही, आधीच असलेलं जाहीर होतं.

मांजरांचं प्रकरण मात्र गंभीर आहे आणि ते ठाऊक नसेल तर घरात विनाकारण रडारड होते. घरात दोन मांजरं आहेत, वर्षानुवर्षं एकमेकांना चाटतात, एकत्र झोपतात. एकाला डॉक्टरकडे नेऊन आणता. घरी पाऊल टाकताच दुसरं त्याच्यावर फिस्कारतं, पंजे मारतं. लोकांना वाटतं जीव फिरला याचा. तसं नसतं. मांजरं एकमेकांना चेहऱ्यापेक्षा वासाने ओळखतात आणि एकत्र राहणाऱ्या मांजरांचा एक सामायिक वास तयार झालेला असतो. दवाखान्यातून आलेल्याच्या अंगाला जंतुनाशकाचा, परक्या प्राण्यांचा, परक्या हातांचा वास असतो. लॉगिन तेच, पासवर्ड बदललेला. प्राण्यांचे डॉक्टर याला ‘नॉन-रेकग्निशन अग्रेशन’ म्हणतात. उपाय साधा आहे: आलेल्याला काही तास, लागलं तर एक-दोन दिवस, वेगळ्या खोलीत ठेवा. घरातल्या अंथरुणाचा तुकडा त्याला द्या, त्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याजवळ ठेवा. मग दोघांना जेवणाच्या वेळी समोरासमोर आणा. ओरडून, मारून काही होत नाही. या कारणासाठी एक मांजर दुसऱ्याला देऊन टाकण्याआधी एवढं करून बघाच.

मग हा वास आपल्याला स्वतःला का कळत नाही? नाक हे बदल सांगणारं यंत्र आहे. तोच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाकातले ग्राहक आणि मेंदू दोघेही त्याची नोंद घेणं कमी करतात. रोज वाजणाऱ्या ग्रुपची नोटिफिकेशन आपण म्यूट करतो ना, तसं. तू दिवसभर त्या वासासोबत चाललीस, आई घरात होती. तुझ्यासाठी तो म्यूट, तिच्यासाठी नवा मेसेज. खात्री करायची असेल तर उन्हातून आल्यावर शर्ट काढून पिशवीत बंद कर, आंघोळ कर, तासभर घरात बस, आणि मग पिशवी उघड.

आणि इथेच मला एक गोष्ट खटकते. बऱ्याच सोसायट्यांत पाटी असते: डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी. कारण विचारलं की कोणीतरी हळूच म्हणतं, “अहो, वास येतो.” आता वरचं सगळं एका माणसावर मांडा. भर दुपार, म्हणजे ओझोन चढलेला. रस्त्यावर, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या मध्ये. डोक्यावर हेल्मेट, ज्याच्या अस्तरात महिनोन्‌महिन्यांचं तेल. अंगात कंपनीने दिलेला पॉलिस्टरचा टी-शर्ट, जो उतरवायची मुभा नाही. पाठीवर गरम जेवणाची पिशवी. सकाळी साबणाने दोनदा आंघोळ केलेल्या माणसालाही दोन तासांत हाच वास येणार, आणि एसीतून उतरलेल्या नाकाला तो ठळक कळणार. आपणच मागवलेल्या बिर्याणीसाठी तो त्या उन्हात होता. वास खरा आहे, त्यावरून काढलेला ‘हे लोक स्वच्छ नसतात’ हा निष्कर्ष खोटा आहे. पाटी लावणाऱ्या समितीला तोच टी-शर्ट घालून दुपारी दोन ते चार स्कूटरवर फिरवून आणावं असं मला फार वाटतं.

या माणसाच्या बाबतीत काळजी करायचीच तर वासाची नको, फुप्फुसांची करा. कातडीवरचं तेल तुटून वास येतो, त्याने फारसं बिघडत नाही. पण ओझोन श्वासाबरोबर आत गेला की श्वासनलिकेच्या अस्तरावरही तसाच तुटून पडतो. खोकला, छातीत जळजळ, दमा असेल तर तो वाढणं, हे त्याचे परिणाम. आपल्या देशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाला १८० अशी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं अॅप आहे, त्यात तुमच्या शहराचा हवेचा निर्देशांक दिसतो आणि त्या दिवशी मुख्य प्रदूषक कोणता तेही. उन्हाळ्यात दुपारी तिथे कधी कधी ओझोनचं नाव दिसेल. एन-९५ मास्क धूळकण अडवतो, ओझोन हा वायू आहे, तो त्यातून आत येतो. ओढणी आणि रुमालाचं तर विचारूच नका. पळायला, सायकलला जायचं तर उन्हाळ्यात सकाळ बरी, तेव्हा ओझोन कमी असतो. हिवाळ्यात मात्र शहरांत सकाळी धूळकण खाली दाबलेले असतात, तेव्हा अॅप बघूनच निघा.

शेवटी त्या व्हॉइस नोटमधला उरलेला प्रश्न: नुसते हातपाय धुऊन वास जातो का? फार नाही. वास तेलात बसलेला असतो आणि तेल पाण्याने निघत नाही, साबण लागतो. कपाळ, कानामागे, मान, या जागा आधी. केस रोज धुवायची गरज नाही, पण उशीचा अभ्रा दर आठवड्याला बदला, डोक्यातलं सगळं तेल तिथे उतरतं. उन्हात घातलेला शर्ट कपाटात घड्या केलेल्या कपड्यांत ठेवू नका, खुंटीला लावा. पॉलिस्टरची जर्सी घामट असताना बॅगेत कोंबू नका, घरी आल्या आल्या उलटी करून भिजत टाका. आणि हेल्मेटचं आतलं अस्तर बहुतेक हेल्मेटांत बटणं काढून वेगळं होतं. रविवारी ते शाम्पूच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, पाण्याचा रंग बघा, आणि फोटो मला पाठवा.